निघालेले साडू

जागचं न हलता या देशात जितकं हिंडता येतं, तितकं आमचे साडू हिंडलेले आहेत. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान बारामतीत राहतात, तिथल्याच एका डेअरीच्या प्रयोगशाळेत कायम नोकरीला आहेत, आणि माझं लग्न झालं त्या दिवसापासून, म्हणजे गेली बावीस वर्षं, ती नोकरी सोडून देश बघायला निघालेले आहेत. निघालेले आहेत असंच म्हणायला हवं. गेले असं म्हणता येत नाही आणि राहिले असं म्हटलेलं त्यांना चालत नाही. माझ्या लग्नाच्या मांडवात मी मुंडावळ्या बांधून घामाघूम बसलो होतो, तेव्हा या गृहस्थांनी माझ्या कानाशी येऊन स्वतःची ओळख करून दिली ती अशी, की मी थोरला जावई, पण आता आपली भेट होईलच असं नाही, मी दिवाळीनंतर ईशान्येला निघतोय. मला वाटलं, बायकोच्या माहेरचं कुणी सैन्यात आहे. दिवाळी झाल्यावर डाळजला सासुरवाडीला गेलो, तर हे आमच्या आधी येऊन अंगणात बाजेवर चकल्या खात बसलेले. ईशान्येचं काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, तिकडं या दिवसांत पाऊस असतो. मी इंदापूरच्या शाळेत मराठी शिकवतो, भूगोल नव्हे. म्हणून गप्प बसलो. आणि तिथंच चुकलो, कारण गप्प बसणारा माणूस मिळाला की साडू त्याला सोडत नाहीत.

त्यांच्या नोकरीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण सोडायची म्हटली तरी आधी ती काय होती हे कळायला पाहिजे. गावोगावचं दूध पहाटे डेअरीत येतं. त्याचा नमुना नळीत घ्यायचा, त्यात फॅट किती ते बघायचं आणि कुणी पाणी घातलं असेल तर पकडायचं. या कामात साडूंचा हात धरणारा माणूस पंचक्रोशीत नाही, हे माझ्यासारख्यालाही कबूल करावं लागतं. यंत्राच्या आधी त्यांचं नाक बोलतं. नुसता वास घेऊन म्हशीने काल कडवळ खाल्लं की उसाचं वाढं, हे ते सांगतात. एकदा डाळजला सासऱ्यांच्या गोठ्यातलं दूध एक घोट घेऊन त्यांनी गाईच्या डाव्या सडाला सूज येणार असं सांगितलं होतं, आणि चौथ्या दिवशी आली. असं दैवी नाक ज्याला मिळालं त्याने ते जन्मभर वापरावं की नाही? पण साडूंना ती नोकरी म्हणजे तुरुंग वाटे. मला एकदा म्हणाले, "मास्तर, इतकी वर्षं मी दुधात पाणी शोधतोय. आता मला पाण्यात पाणी बघायचंय." हे वाक्य त्यांना फार आवडलं असावं, कारण नंतर ते त्यांनी माझ्या देखत आणखी सहा जणांना ऐकवलं.

त्यांच्या घरी गेलं की बैठकीच्या खोलीत, जिथं सभ्य माणसं लग्नातला फोटो लावतात तिथं, भिंतभर भारताचा नकाशा होता. पाहुण्याला पाणी मिळायच्या आधी त्या नकाशासमोर उभं राहावं लागे. बारामतीपासून देशातल्या कुठल्याही गावाचं अंतर साडूंना पाठ होतं आणि ते सांगायला त्यांना निमित्त लागत नसे. चुलत सासरे वारल्याचा निरोप आला तेव्हाही, ते गेले कशाने हे विचारायच्या आधी, अकलूजला कुठून गेलं तर किती किलोमीटर वाचतात हे त्यांनी रडणाऱ्या माणसांना समजावून सांगितलं. रेल्वेगाड्यांचंही तसंच. कुठली गाडी कुठल्या स्टेशनावर किती मिनिटं थांबते हे त्यांना रेल्वेपेक्षा जास्त माहीत. प्रत्यक्षात ते एकाच गाडीत बसलेले, बारामतीहून दौंडला जाणाऱ्या. सुट्टीच्या दिवशी ते दौंडला जात, फलाटावर उभे राहून लांबच्या गाड्या सुटताना बघत, चहा पीत आणि परतीच्या गाडीने घरी येत. हे त्यांनी मला अभिमानाने सांगितलं होतं. मी घरी येऊन बायकोला सांगितलं आणि आम्ही दोघं जेवताना ठसका लागेपर्यंत हसलो.

भाषांची तयारी वेगळीच. डेअरीच्या टँकरवर केरळकडचा एक ड्रायव्हर काही महिने होता, त्याच्याकडून ते तिकडची भाषा शिकले. शिकले म्हणजे पंधरा-वीस शब्द. पण ते वापरल्याशिवाय पक्के होत नाहीत, असं त्यांचं मत. इंदापुरात एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी वाढप्याकडे गंभीर चेहऱ्याने "वेळ्ळम" मागितलं. वेळ्ळम म्हणजे पाणी. वाढप्याने हातातली बादली खाली ठेवली, मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि साडेबारा वाजल्याचं नम्रपणे सांगितलं. साडू तहानलेलेच उठले, पण मराठीत पाणी मागितलं नाही. तत्त्वाचा माणूस.

शरीराची तयारी तर गल्लीने पाहिलेली आहे. डोंगरात फिरणारी माणसं पाठीवर घेतात तसली एक भलीमोठी सॅक त्यांनी आणली होती. तिच्यात दहा किलो ज्वारी भरून ते रोज कामावर जायच्या आधी एमआयडीसीच्या रस्त्याने चालत. ज्वारीच का, तर गव्हाचं वजन पाठीवर नीट बसत नाही. कुत्री मागं लागत आणि ओळखीचे लोक गाडी थांबवून कुठं सोडू का म्हणून विचारत. पुढं थंडीची सवय व्हावी म्हणून त्यांनी गच्चीवर तंबू ठोकला आणि एक अख्खा डिसेंबर त्यात झोपले. बारामतीच्या थंडीत हिमालयाची सवय कशी होणार, हे मी विचारलं नाही. शेजारच्या दोन वयस्कर बायकांनी मात्र नवरा घराबाहेर झोपतो हे पाहिलं, दुपारी ताईंकडे, म्हणजे साडूंच्या बायकोकडे, येऊन दार लोटून बसल्या, आणि संसारात असं व्हायचंच, तूच थोडं पडतं घे, अशी त्यांची समजूत घालून गेल्या. ताई आमच्या फार सोशिक. त्या शिवणाचा क्लास चालवतात. त्यांना सोबत चला म्हणून साडूंनी अनेकदा विचारलं होतं, पण ताईंना गाडी लागते. बारामतीहून डाळजला येईपर्यंत त्या हातात लिंबू धरून डोळे मिटून बसलेल्या असतात. त्या कुठल्या ब्रह्मपुत्रेला जाणार?

पण या सगळ्या थेरांत माझा जो वैयक्तिक छळ झाला तो राजीनाम्याने. मी मराठीचा शिक्षक, म्हणून दरवर्षी ते राजीनाम्याचा खर्डा घेऊन माझ्याकडे शुद्धलेखन तपासायला येत. बारामतीहून इंदापूरला, खास. पहिला खर्डा चार पानांचा होता. त्यात मनुष्य हा मूळचा भटका प्राणी कसा, इथपासून सुरुवात होती आणि डेअरीच्या चेअरमनसाहेबांनीही कधीतरी प्रवासाचा विचार करावा अशी सूचना होती. मी तो तांबड्या शाईने रक्तबंबाळ केला. पुढच्या वर्षी तीन पानं, मग दोन. दरवर्षी ते माझ्यासमोर बसून, मी वाचत असताना, माझ्या चेहऱ्याकडे दहावीच्या मुलासारखे बघत राहत आणि मग विचारत, "मास्तर, ह्यात जोर हाय का?" जोर वाढत गेला हे खरं. शेवटचा खर्डा अडीच ओळींचा होता आणि त्यात मला एक वेलांटीसुद्धा बदलता आली नाही. मी नाइलाजाने एक स्वल्पविराम घातला.

आणि हे सगळं कशासाठी, तर राजीनामा द्यावा की देऊ नये हे ठरत नव्हतं म्हणून. ते ठरवण्यासाठी त्यांनी एक वही केली होती. एका बाजूला 'जा', दुसऱ्या बाजूला 'नको', आणि त्याखाली माणसांची नावं. भेटेल त्याला विचारायचं आणि नाव लिहायचं. न्हाव्याला विचारलं. दातांच्या डॉक्टरला, स्वतःचा जबडा उघडा असताना, खुणांनी विचारलं. चौकातल्या पोलिसाने हेल्मेट नाही म्हणून थांबवलं तर त्यालाही विचारलं, आणि त्याने "जा" म्हटलं ते त्याच बाजूला लिहून घेतलं. माझं नाव 'नको'खाली चौदा वेळा होतं, कारण माझं मत बदललं असेल या आशेवर ते पुन्हा पुन्हा विचारत. आमच्या सासऱ्यांचं एकदाच होतं, पण ठळक. त्यांना आम्ही मामा म्हणतो. उसाच्या शेतात आयुष्य गेलेला माणूस. भिगवणच्या बाजूला पाण्यावर परदेशी पाखरं येतात, ती बघायला पुण्याची माणसं येतात, आणि साडूंनी त्या पाखरांचा दाखला दिला, की बघा मामा, एवढीशी पाखरं हजारो मैल जातात. मामांनी तंबाखू मळत शांतपणे सांगितलं, "पाखरांस्नी कुठं नोकरी हाय, पाव्हणं?" साडूंनी वही उघडली आणि मामांचं नाव 'नको'खाली दोनदा गिरवून लिहिलं.

दरवर्षी निघायची वेळ आली की काहीतरी आडवं येई. मुलीची दहावी, मग बारावी. बाथरूमच्या फरशा. ताईंचा गुडघा. एका वर्षी तर तयारी पूर्ण झाली होती, आणि डेअरीत नवं यंत्र आलं. ते दुसऱ्या कुणाला समजेना म्हणून हे थांबले. एकदा काहीच आडवं आलं नाही, तेव्हा ते इतके घाबरले की त्यांना ताप आला. मी घरात, शिक्षकांच्या खोलीत, पाहुण्यांत, जिथं बसेन तिथं या गोष्टी सांगत असे. माझं स्वतःचं जाणं-येणं म्हणाल तर घर ते शाळा, आणि मे महिन्यात डाळज. पण मी कधी निघालो नव्हतो, त्यामुळं न गेल्याचा कमीपणा माझ्याकडे नव्हता. दुसऱ्याच्या वेडावर माणूस किती निवांत जगतो हे तेव्हा कळलं नव्हतं.

मग गेल्या वर्षी मार्चमध्ये एका दुपारी ताईंचा मला शाळेत फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. डेअरीतून कुणीतरी त्यांना फोन करून निरोप समारंभाला वहिनींना किती वाजता आणायला गाडी पाठवू, असं विचारलं होतं. साडूंनी राजीनामा दिला होता. त्या अडीच ओळी, माझ्या स्वल्पविरामासकट, खरोखरच्या टेबलावर ठेवल्या होत्या, आणि ताईंना काही बोलले नव्हते. मुलगी पुण्यात नोकरीला लागली होती, तिचं लग्न झालं होतं, फरशा बसल्या होत्या. आडवं यायला काही उरलं नव्हतं. ताई म्हणाल्या की डेअरीतले सांगतात, वर्षभर ते परत येणार नाहीत, एकटे जाणार आहेत, रक्तदाबाची गोळी चालू आहे, आणि रोज संध्याकाळी क्लासच्या मुली गेल्या की मी या घरात कुणाचं तोंड बघू. मग त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "तुम्हीच सांगा त्यांना. तुमचं ऐकतात ते." तासाभरात मामांचाही डाळजहून तोच निरोप आला. सगळ्या घराने मिळून हे काम माझ्यावर सोपवलं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा अभिमान वाटला.

रविवारी मी एसटीने बारामतीला निघालो. भवानीनगरला उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेत गाडी अर्धा तास अडकली, तेवढ्यात मी मुद्दे जुळवले. साडू गच्चीवर होते. सगळं सामान चादरीवर मांडून ठेवलेलं, लहानशा स्टोव्हवर चहा उकळत होता. त्यांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की मी शाबासकी द्यायलाच आलो आहे असं त्यांना वाटलं असावं. म्हणाले, "मास्तर, या वेळी खरंच." मग त्यांनी तिकीट दाखवलं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, दौंडवरून. आपण तिथं गाडीत चढणार आणि गाडी सुटणार, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

मी तासभर बोललो. तब्येत झाली, ताई झाल्या, लोक काय म्हणतील तेही झालं. प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे उत्तर होतं, बावीस वर्षं घासूनपुसून ठेवलेलं. गोळ्या वर्षभराच्या घेतल्या होत्या. ताईंकडे चार महिने मुलगी येऊन राहणार होती, मग भाची, आणि दर दोन महिन्यांनी ते आठ दिवस घरी येऊन जाणार होते. हे ताईंना सांगायचं कसं ते ठरत नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं. मी ऐकत होतो आणि माझ्या लक्षात येत होतं की या माणसाने सगळा विचार केलेला आहे आणि मी हरतो आहे. वर्गात मुलगा माझ्यापेक्षा बरोबर निघाला की मी जे करतो तेच मी तिथं केलं. मी आवाज खाली आणला आणि म्हणालो, "साडूभाऊ, खरं सांगू? तुम्हाला जायचं असतं तर तुम्ही कधीच गेला असता. जाणारा माणूस माझ्यासारख्या मास्तराकडून राजीनामा तपासून घेत नाही."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हात पुढं करून स्टोव्ह बंद केला. चहा तसाच राहिला. खाली ताईंच्या शिवणयंत्राचा आवाज येत होता, रविवार असूनही. ते म्हणाले, "व्हय. खरं हाय." मग चादरीवरचं सामान एकेक उचलून भरायला लागले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मग आता तुमीच लिहून द्या काय लिहायचं ते." राजीनामा मागं घेत असल्याचा अर्ज मी तिथंच, गुडघ्यावर कागद ठेवून, दहा मिनिटांत लिहिला. त्यांनी तो वाचलाही नाही, सही केली.

डेअरीला आनंदच झाला. ताईंनी मला नवा शर्ट शिवून दिला. पुढच्या खेपेला डाळजला गेलो तेव्हा मटण होतं. त्या घरात नळीचं हाड नेहमी थोरल्या जावयाच्या ताटात पडतं, तो मान आहे. त्या दिवशी मामांनी ती नळी स्वतः उचलून माझ्या ताटात वाढली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पाव्हणं, तुमी माझ्या लेकीचं घर राखलं." साडू माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी मान हलवून दुजोरा दिला आणि भाकरी रश्शात कुस्करत राहिले. मी ती नळी ठोकून ठोकून खाल्ली, कारण पानात टाकणं बरं दिसलं नसतं.

त्यानंतरच्या वर्षात साडू एक चांगले, समंजस गृहस्थ झाले. सॅक पुतण्याला देऊन टाकली. नकाशा उतरवला. त्या जागी डेअरीने दिलेलं पंचवीस वर्षांच्या सेवेचं घड्याळ लागलं. दौंडला जाणं बंद झालं. सुट्टीच्या दिवशी ते ताईंना मंडईत घेऊन जात आणि मेथीच्या जुड्या निवडत. भेटले की बी.पी.वर बोलत, उकाड्यावर बोलत, आणि तेवढं झालं की आम्हा दोघांकडे बोलायला काही नसे. त्यांच्याबद्दल लोकांना सांगायलाही माझ्याकडे नवीन काही नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत जुन्याच गोष्टी पुन्हा सांगायला लागलो, तर एक दिवस आमच्या गणिताच्या बाई म्हणाल्या, मग गेले का ते शेवटी? मी म्हटलं, नाही, मी थांबवलं. त्यांनी "अरे वा" म्हटलं आणि त्या वह्या तपासायला लागल्या. त्यांच्या त्या अरे वा मध्ये काही नव्हतं. तरी मला ते दिवसभर बोचत राहिलं. ताईंनीही एकदा फोनवर माझ्या बायकोला सांगितलं, की हे आता घरातच असतात, पण घरात कुणी असल्यासारखं वाटत नाही.

यंदाच्या मे महिन्यात आम्ही सगळे डाळजला जमलो होतो. मामांचं आजोळ जुन्या पळसदेवात. ते गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं त्याला खूप वर्षं झाली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिथलं जुनं देऊळ उघडं पडतं. यंदा ते पायथ्यापर्यंत दिसतंय असं कुणीतरी सांगितलं, आणि मामांनी मला एकदा नेऊन आणा म्हणून हट्ट धरला. माझ्या गाडीतून आम्ही निघालो. पुढं साडू, मागं मामा आणि माझी बायको. ताई, अर्थातच, घरी थांबल्या. देवळापाशी चिखल वाळून त्याच्या खपल्या झाल्या होत्या. मामा काठी टेकत इकडंतिकडं फिरले, एका ठिकाणी थांबले, पायाने माती उकरली आणि इथं माझ्या आजीचा उंबरा हुता म्हणाले. आम्ही त्या मातीकडे बघत उभे राहिलो. वर मान केली तर साडू नव्हते.

ते पाण्याच्या दिशेने चालत निघाले होते, चपला हातात घेऊन. उघड्या पडलेल्या तळावरून, एकटेच, सरळ. बघता बघता खूप लांब गेले. बायको म्हणाली, ऊन किती आहे, दाजी कुठं चाललेत, हाक मारा त्यांना. मामा म्हणाले, चिखुल असंल पुढं, बलवा पाव्हण्यांस्नी. माझा आवाज शाळेच्या मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचतो, तो तिथंही पोचला असता आणि ते वळलेही असते. मी तोंडापुढं हात धरला होता. मग खाली घेतला. येतील म्हणालो, आणि देवळाच्या सावलीत जाऊन बसलो. बायको माझ्यावर चिडली. दीड तास आम्ही तिथं बसलो होतो, आणि त्यातला मधला पाऊण तास मला ते दिसतही नव्हते.

ते आले तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल, तोंड उन्हाने लालबुंद. उशीर झाला असं काही म्हणाले नाहीत. तडक गाडीत बसले, त्याच चिखलासकट, आणि गाडी हमरस्त्याला लागायच्या आत त्यांनी सुरुवात केली. पलीकडे पाण्याच्या कडेला मासे धरणारं एक कुटुंब पाल ठोकून राहत होतं. पाणी सरकेल तसं ते सरकतं. तिथल्या म्हातारीने यांना बसवून घेतलं, सुकट आणि भाकरी खायला घातली, तुमी कुठल्या खात्याचं म्हणून दोनदा विचारलं आणि कुठल्याच नाही म्हटल्यावर हसली. मग चिलापी कशी धरतात, मरळ चिखलात कशी लपते, जाळ्याचा डोळा केवढा ठेवतात, हे सगळं साडूंनी सुरू केलं. एखाद्या मुलाने वर्गात इतकं पाल्हाळ लावलं असतं तर मी त्याला दुसऱ्या मिनिटाला खाली बसवलं असतं. मरळीवरून ते परत चिलापीवर आले. म्हातारी लहानपणापासून किती गावांच्या काठाला राहिली त्या गावांची नावं त्यांनी घेतली, एक विसरलं म्हणून पुन्हा पहिल्यापासून घेतली. त्यांचे हात माझ्या तोंडापुढून इकडून तिकडं फिरत होते आणि मला रस्ता नीट दिसत नव्हता.

पळसदेवहून डाळज म्हणजे पोचलोच म्हणायचं, इतकं जवळ. मी गाडी तिसऱ्या गिअरवरच ठेवली. मागचे ट्रक भोंगे वाजवत बाजूने निघून जात होते. डाळजचा फाटा आला, मी पाहिला, आणि स्टेअरिंग सरळच ठेवलं. "अहो, आपला फाटा मागं राहिला," बायको मागून म्हणाली.

मी काही बोलायच्या आत मामा पुढं वाकले आणि साडूंच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या फाटा," ते म्हणाले. "मग पुढं काय म्हणाली ती म्हातारी?"